हेरेसच्या स्थानिक कलावंतांची फ्लामेंको मैफल: कोठे बसावे, काय ऐकावे

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, जिथले गाणे-गिटार-नृत्य म्हणजे फ्लामेंको, आपला मुक्काम थोडाच आहे. सेव्हिलमधल्या एका नावाजलेल्या ताब्लाओची, म्हणजे फ्लामेंकोचे नियमित खेळ होणाऱ्या रंगमंचाची, तिकिटे मिळत आहेत आणि त्याच आठवड्यात हेरेस दे ला फ्रोंतेरा या गावी एका छोट्या जागेत स्थानिक कलावंतांचा कार्यक्रम आहे, ज्याच्या पत्रकावर एकही ओळखीचे नाव नाही. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर कोठे जावे, हा पहिला प्रश्न. स्पॅनिश येत नसताना त्यातले काय कळणार, हा दुसरा. आणि आपल्या कथक शिकणाऱ्या मुलीला कोणीतरी सांगितले आहे की फ्लामेंको कथकातूनच निघाले, ते खरे का, हा तिसरा. मी स्वतः कथकची तालीम घेऊन मग फ्लामेंकोकडे वळले आणि आता नृत्याइतकीच पाल्मासची, म्हणजे टाळ्यांच्या ठेक्याची, साथ करते. त्यामुळे तिन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत.

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. एकच संध्याकाळ हाती असेल तर हेरेसला जावे. पत्रकावर ओळखीचे नाव नाही म्हणून कार्यक्रम दुय्यम असेल, ही शंका इतर गावांत कदाचित रास्त ठरेल, हेरेसमध्ये नाही. या गावात सान्तियागो आणि सान मिगेल अशा दोन जुन्या वस्त्या आहेत आणि तिथल्या रोमा, म्हणजे जिप्सी, घराण्यांत गाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सेगिरिया हा शोकाचा प्रकार गाणारा मानुएल तोर्रे १८७८ साली याच गावात जन्मला. रोमा नसलेला, पण मालागेन्यासारख्या गायनप्रकारांना नवी उंची देणारा आन्तोनियो चाकोन १८६९ साली इथलाच. गायिका ला पाकेरा सान मिगेलची, गायक तेर्रेमोतो सान्तियागोचा, दोघेही १९३४ साली जन्मलेले. गिटारवादक मोराइतो, जो २०११ साली गेला, तोही सान्तियागोच्या वादक घराण्यातला. त्यांची भावंडे, पुतणे, नातवंडे आजही त्याच गल्ल्यांतून राहतात, आणि ज्यांची नावे पत्रकावर बारीक टाइपात असतात त्यांतले कित्येक जण या घराण्यांशी रक्ताने किंवा तालमीने जोडलेले असतात. शिवाय समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना तरी कोंपास, म्हणजे तालाचे आवर्तन, अंगात भिनलेले असते. अशा श्रोत्यांपुढे गाणाऱ्याला चुकीला वाव नसतो, आणि जमून आलेली जागा दुर्लक्षिली जाण्याचीही भीती नसते. ती जागा आली की लगेच दाद येते आणि त्या दादेवर पुढची ओळ बदलते. स्थानिक कार्यक्रमाचे मोल या देवाणघेवाणीत आहे. साधेपणात किंवा स्वस्तपणात नाही.

ताब्लाओविषयी मात्र अनादर नको. सेव्हिलमधला कॅफे कान्तान्ते, जिथे पेयपानाबरोबर गाणे आणि नृत्य चाले, हा त्याचा पूर्वज. सिल्वेरियो फ्रांकोनेत्ती या गायकाने १८८१ साली तिथे स्वतःचा कॅफे काढला आणि फ्लामेंकोला पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून उभे राहायला अशा जागांनी फार मोठी मदत केली. माद्रिदचे कोर्राल दे ला मोरेरिया हे ताब्लाओ १९५६ साली आणि सेव्हिलचे लोस गाल्योस १९६६ साली सुरू झाले, आणि अशा मंचांवर उत्तमोत्तम नर्तकांनी वर्षानुवर्षे रात्रीमागून रात्री घाम गाळला आहे. अडचण निराळी आहे. ताब्लाओचा खेळ साधारण तासाभराचा, बहुधा एकाच रात्री दोनदा, आणि प्रेक्षक बहुतेक प्रवासी. भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकाला धरून ठेवायचे तर पदन्यास पुढे येतो आणि गाणे मागे सरकते. फ्लामेंकोचा कणा गाणे आहे. आधी गायन, मग गिटार, मग नृत्य असा मान जुने जाणकार देतात आणि मलाही तो योग्य वाटतो. ज्या संध्याकाळी गाणे आखडते, त्या संध्याकाळी नृत्य कितीही तयारीचे असले तरी त्याच्या पायाखालची जमीन पातळ असते.

‘अस्सल’ आणि ‘बाजारी’ हा वाद नवा नाही, आणि त्यात फार अडकून पडू नये. १९२२ सालच्या जूनमध्ये संगीतकार मानुएल दे फाल्या आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी इतरांच्या साथीने ग्रानादाच्या आलांब्रा या राजवाड्यात गायनाची स्पर्धा भरवली, ती याच चिंतेपोटी की व्यावसायिक रंगमंचामुळे जुने गंभीर गाणे नष्ट होईल. म्हणून प्रौढ व्यावसायिकांना तीत प्रवेश नव्हता. पण तिथे ज्याने सर्वांचे लक्ष वेधले तो कोवळ्या वयाचा मानोलो काराकोल पिढीजात व्यावसायिक कलावंतांच्या घरातलाच होता, आणि पुढे त्याने आयुष्यभर रंगमंचच गाजवला. तेव्हा ‘स्थानिक’ याचा अर्थ ‘हौशी’ असा कृपया घेऊ नये. हेरेसमध्ये आपण ज्यांना ऐकाल ते बहुधा याच कामावर जगणारे लोक असतील.

पत्रकात एक गोष्ट जरूर तपासून घ्यावी. त्यावर केवळ ‘रेसिताल दे कान्ते’ असे लिहिले असेल तर एक गायक, एक गिटारवादक आणि फार तर दोन टाळ्या देणारे एवढाच संच असेल आणि नृत्य मुळीच नसेल. माझ्या दृष्टीने ती सर्वांत श्रीमंत मैफल. पण मुलीला नृत्य पाहायचे असेल तर ‘बाइले’ हा शब्द शोधावा. जागा कोणत्या प्रकारची आहे यानेही फरक पडतो. पेन्या म्हणजे रसिकांनी चालवलेले मंडळ. ग्रानादाचे ला प्लातेरिया १९४९ साली स्थापन झाले आणि ते या प्रकारातले सर्वांत जुने मानले जाते. पेन्यात गाणे सुरू झाले की खुर्ची सरकवण्याचा आवाजही लोकांना खपत नाही. ताबांको ही त्याहून मोकळी जागा. ही हेरेसची शेरी या मद्याची जुनी दुकाने, जिथे पिंपातून थेट पेल्यात शेरी ओततात. एल पासाहे हे त्यांतले १९२५ पासूनचे. तिथे मंच म्हणजे कोपऱ्यातली एक छोटी चौथऱ्यासारखी जागा, मागे उभे राहून ऐकणारी गर्दी आणि पेल्यांची खणखण. अशा ठिकाणी लवकर पोचून पुढची जागा धरणे आवश्यक आहे, नाहीतर फक्त पाठी दिसतील.

आता ऐकण्याविषयी. मुलगी कथक शिकते म्हणजे तालाचे आवर्तन तिला समजावून सांगावे लागणार नाही, आणि हेच आपले सर्वांत मोठे भांडवल आहे. फ्लामेंकोच्या अनेक प्रमुख प्रकारांत आवर्तन बारा मात्रांचे असते, पण ते एकतालासारखे समान खंडांत विभागलेले नसते. सोलेआ या संथ, भारदस्त प्रकारात आघात तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर पडतात. म्हणजे दोनदा तीन-तीन आणि मग तीनदा दोन-दोन. घरी बसून हे हातावर मोजून पाहावे: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, आणि त्या पाच ठिकाणी टाळी. पहिल्या अर्धात चाल ऐसपैस वाटते, दुसऱ्या अर्धात ती घट्ट होते. बुलेरिया हे त्याच साच्याचे अत्यंत जलद, खेळकर रूप, आणि ते तर हेरेसचे स्वतःचे. सेगिरियातही तेच पाच आघात आहेत, पण मोजणी आठव्या मात्रेपासून सुरू होत असल्याने खंड दोन, दोन, तीन, तीन, दोन असे पडतात आणि सारा भाव बदलून तो प्रकार शोकाचा होतो. तांगोस मात्र सरळ चार मात्रांत चालतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तेच सर्वांत लवकर पकडता येतात.

कथकच्या विद्यार्थ्याचा कान इथे एका ठिकाणी हमखास गोंधळतो. आपल्याकडे तिहाई असो, तुकडा असो, सगळे काही समेवर येऊन पोचते आणि सम म्हणजे पहिली मात्रा. सोलेआत किंवा बुलेरियात ओळ बहुधा दहाव्या मात्रेवर मिटते. नर्तकीचा शेवटचा ठसका दहावर, गायकाचा शेवटचा स्वर दहाच्या आसपास, गिटारचा बंद दहावर. आणि मग अकरा, बारा या मात्रा श्वासासारख्या मोकळ्या राहतात. तिथे सगळी मंडळी क्षणभर थांबल्यासारखी वाटतात, पण आवर्तन चालूच असते. मुलगी समेची वाट पाहत राहिली तर प्रत्येक वेळी आपण उशिरा पोचलो असे तिला वाटेल. तिला दहा ऐकायला सांगावे. ते एकदा कानाला सापडले की पुढची सगळी संध्याकाळ उलगडत जाते, आणि श्रोत्यांतून ‘ओले’ नेमका तेव्हाच का उठतो हेही न सांगता कळते.

मंचावर काय घडते ते जरा जवळून सांगते. समजा, सोलेआवर नृत्य आहे. आधी गिटारवादक गायकाकडे पाहतो, गायक हलकेच एक स्वर लावून दाखवतो आणि वादक गिटारच्या मानेवरचा चिमटा, ज्याला सेहिया म्हणतात, एखादे घर वर किंवा खाली सरकवतो. स्वर गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो. वादकाने गायकाला आपल्या सोयीच्या स्वरात ओढायचे नसते. मग गायक शब्दाविना ‘आय’ असा दीर्घ आलाप घेऊन गळा आणि जागा दोन्ही जोखतो. नर्तकी या वेळी बहुधा स्थिर असते, आणि तिचे ऐकणे दिसते. खांदे, मान, हाताची बोटे त्या आलापाबरोबर फार सूक्ष्म हलत असतात. पहिले कडवे, म्हणजे लेत्रा, सुरू झाले की ती फक्त ताल दर्शवीत चालते. चांगली नर्तकी गायक ओळ गात असताना पायांचा गडगडाट करत नाही; ओळ संपली की त्या मोकळ्या जागेत दोन-तीन मात्रांचा नेमका ठसका देऊन ती ओळीला कडी घालते. कोणी गाण्याच्या अंगावर पाय आपटत असेल तर ती तयारी असेल, पण जाण नाही, असे खुशाल समजावे.

यानंतर येते यामादा, म्हणजे नर्तकीची हाक. ती पायांनी आणि छातीच्या एका ठाम उठावाने खूण करते, दहाव्या मात्रेवर बंद करते, आणि गायकाला कळते की पुढचे कडवे आता त्याचे. हे बोलून ठरत नाही. पुढे एस्कोबिया हा लांब पदन्यासाचा भाग येतो. तिथे गायक गप्प, गिटार साधी आवर्तने धरून राहते आणि नर्तकी हळूहळू लय चढवीत नेते. इथे कथकशी खरा फरक आहे. आपल्याकडे लेहरा, म्हणजे आवर्तन धरून राहणारी धून, अढळ असतो आणि नर्तक त्याच्या अंगाखांद्यावर खेळतो. इथे लय नर्तकीच्या पायांत असते आणि गिटार, टाळ्या, गायक तिच्यामागे जातात. म्हणून वादकाची नजर बोटांवर नसून तिच्या टाचांवर खिळलेली असते. पायांचे तंत्रही वेगळे आहे: घुंगरू नाहीत, बुटांच्या चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक खिळे ठोकलेले असतात, आणि चवडा, पूर्ण तळवा, टाच, बुटाचे टोक या चार जागांतून चार वेगळे नाद काढले जातात. मुलीने डोळे मिटून थोडा वेळ फक्त ते ऐकावे. सोलेआच्या अखेरीस लय इतकी चढते की तीच बुलेरियात शिरते, आणि हा सांधा ज्या संचाला न अडखळता जमतो तो संच एकमेकांना ओळखणारा आहे हे निश्चित.

पाल्मासकडेही लक्ष असू द्यावे. तळवे पोकळ धरून दिलेली दबकी टाळी गाण्याच्या वेळी, आणि बोटे तळव्यावर मारून काढलेली टणत्कारी टाळी लय चढल्यावर, असा साधारण संकेत आहे. एक जण मात्रेवर देतो, दुसरा त्यांच्या मधल्या जागा भरतो. म्हणून एक विनंती आहे: कृपया त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवू नयेत. हे उद्धटपणाचे वाटेल, पण तबलजीच्या शेजारी बसून मांडीवर थाप मारावी तसाच तो प्रकार होतो. आवर्तन एका कडेने जरी ढासळले तरी नर्तकीला पायांखालचा आधार गेल्यासारखे वाटते. दाद जरूर द्यावी. ‘ओले’ म्हणायला संकोच नको. आपल्याकडे ‘क्या बात है’ जिथे आपसूक निघते तिथेच ते निघू द्यावे. कार्यक्रमात एखादा वादक लाकडी पेटीवर बसून ती वाजवताना दिसेल. ते काहोन मूळचे पेरूचे आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाको दे लुसिया या गिटारवादकामुळे फ्लामेंकोत आले. आज ते इतके रुळले आहे की पुष्कळांना ते मूळचेच वाटते. कॅस्टनेट, म्हणजे बोटांत धरून वाजवायच्या लाकडी टाळ्या, मात्र अशा मैफलीत बहुधा दिसणार नाहीत. ते न दिसल्याने काही हुकले असे समजू नये.

भाषेची चिंता सोडावी. लेत्रा तीन किंवा चार ओळींची असते, ओळी पुन्हा पुन्हा येतात, आणि आंदालुसियन उच्चारात शब्द असे गिळले व ताणले जातात की स्पेनच्या इतर भागांतल्या लोकांनाही पहिल्या ऐकण्यात सगळे कळतेच असे नाही. विषय आई, तुरुंग, उपासमार, वियोग, मरण आणि प्रेम यांच्याभोवती फिरतात. बुलेरियात थट्टाही पुष्कळ. शब्दांऐवजी गायक ओळ कोठे तोडतो हे ऐकावे. एकाच शब्दाच्या मध्यावर श्वास तोडून उरलेले अक्षर तो वेगळ्या स्वरावर नेऊन ठेवतो, आणि त्या तुटलेल्या जागी बहुधा आशयाचा भार असतो. ज्याने ठुमरीत एका शब्दावर रेंगाळणे ऐकले आहे त्याला हे परके वाटणार नाही. गायकाचा चेहरा ताणलेला, आवाज खरखरीत, कधी फाटलेला असेल. तो दोष नव्हे. गोड, गुळगुळीत गळ्यापेक्षा ओरखडा असलेला गळा इथे मोठा मानतात.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर जपून द्यायला हवे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. स्पेनमधल्या रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, हे भाषेच्या आणि जनुकांच्या अभ्यासातून पक्के झाले आहे. ते पर्शिया, बायझंटाइन प्रदेश, बाल्कन असा प्रवास करीत स्पेनमध्ये पोचले. आरागोनच्या राजाने त्यांच्या एका म्होरक्याला दिलेला परवाना १४२५ सालचा आहे. पण फ्लामेंको आज ज्या रूपात आहे ते अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकात, आंदालुसियात घडले. त्यात रोमांचे गाणे आहे, स्पॅनिश पोवाड्यांसारखी कथनगीते आहेत, फांदांगो हा लोकनृत्याचा प्रकार आहे, मुस्लिम राजवटीचा दीर्घ सहवास आहे, आणि जहाजांतून क्युबा व आफ्रिकेकडून आलेले ठेकेही आहेत. आज मंचावर दिसणारे कथकही लखनौ आणि जयपूरच्या दरबारांत बऱ्याच अंशी त्याच एकोणिसाव्या शतकात आकाराला आले. तेव्हा एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे म्हणायला कालक्रमच आड येतो. पदन्यास, चक्री आणि तालाशी झुंज ही साम्ये मला नाचताना दररोज जाणवतात आणि ती अतिशय प्रिय आहेत. पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. ‘मूळ आपलेच’ एवढ्यावर थांबले की या लोकांनी स्पेनमध्ये काय सोसले आणि त्यातून काय घडवले याकडे पाठ फिरते. १७४९ सालच्या जुलैमध्ये राजा सहाव्या फर्नांदोच्या आज्ञेने देशभरातल्या रोमांची एकाच वेळी धरपकड झाली. हजारो माणसे पकडली गेली, पुरुषांना नौदलाच्या गोद्यांत व खाणींत सक्तमजुरीला आणि स्त्रिया-मुलांना वेगळे कोंडवाड्यात ठेवले गेले. तुरुंगाची आणि ताटातुटीची गाणी आकाशातून पडलेली नाहीत. लोहारकामाशी जोडलेले मार्तिनेते हे गाणे आजही गिटारविना गातात, कधी ऐरणीवरच्या हातोड्याच्या ठेक्यावर. ते कार्यक्रमात आले तर मुलीला हे सारे आधी ठाऊक असलेले बरे.

तिला पुढे शिकायची इच्छा झाली तर हेरेसमध्ये १९९७ पासून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास नृत्याला वाहिलेला महोत्सव भरतो आणि त्यात जगभरातले, विशेषतः जपानमधले, विद्यार्थी कार्यशाळांसाठी येतात. कथकमुळे तिचे पाय आणि लयीची समज तयार असेल. हात, पाठ आणि वजन जमिनीत सोडणे मात्र नव्याने शिकावे लागेल.

कार्यक्रमाच्या रात्रीसाठी थोडे व्यवहाराचे. शक्य असल्यास मंचाच्या किंचित बाजूला, पुढच्या रांगेत बसावे, म्हणजे नर्तकीचे पाय, वादकाचा डावा हात आणि गायकाचा चेहरा एकाच नजरेत येतात. अगदी समोरून गायक पुष्कळदा नर्तकीच्या आड जातो. मोबाइल खिशात असू द्यावा, छायाचित्रे शेवटी बहुधा काढू देतात. सांगितलेली वेळ झाल्यावर अर्धा तास काहीच घडले नाही तरी अस्वस्थ होऊ नये. आणि शेवटची दाद संपली की लगेच उठू नये, कारण अखेरीस सगळे कलावंत अर्धवर्तुळात उभे राहून बुलेरिया धरतात. गायक नाचतो, वादक गातो, आणि हेरेसमध्ये तर श्रोत्यांतली एखादी वयस्क बाई पदर खोचावा तसा घागरा जरा वर धरून मध्ये येते, बारा मात्रांत पाऊल टाकून, खांदा उडवून, नेमकी दहावर थांबून आपल्या जागेवर परत जाते. पदन्यासाचे प्रदर्शन नसलेला हा दहा-पंधरा सेकंदांचा भाग मला पुष्कळदा साऱ्या कार्यक्रमाहून अधिक शिकवून गेला आहे. हे उशिरा घडते. सेव्हिल रेल्वेने तासाभराच्याच अंतरावर असले तरी रात्रीच्या शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नये. त्या रात्रीपुरती खोली हेरेसमध्येच घ्यावी.